मूळ माप

सर्जेकोटच्या शेडमध्ये दिवसभर
मी होड्यांना फायबर चढवतो.
मॅट, रेझिन, ब्रश. मॅट, रेझिन, ब्रश.
सातला कंप्रेसर बंद झाला
की कोपऱ्यातली ताडपत्री बाजूला सारतो.
खाली तो असतो,
अजून बिनडोक्याचा,
एका मेलेल्या ग्रहावरचा पहारेकरी.

सिनेमा दोन तास सहा मिनिटांचा.
त्यात तो सगळा मिळून चार मिनिटं दिसतो,
एक शब्द बोलत नाही.
ती चार मिनिटं मी दोन वर्षं
थांबवून थांबवून पाहिलीत.
शिरस्त्राणाच्या उजव्या गालावर बारा फटी,
डाव्या गालावर अकरा.
कुणाचा तरी हात घसरला असणार,
दूरच्या कुठल्या कारखान्यात, पाळी संपता संपता.
ती चूक मी पट्टी लावून उतरवली.
घसरलेला हात न घसरता काढायला
तीन साचे मोडावे लागले.

गंज तरी इथे फुकट मिळेल असं वाटलं होतं.
पण इथला गंज खरा, तो खातो.
सिनेमातला नुसता दिसतो.
म्हणून आधी चंदेरी रंग,
सुकल्यावर पाण्याचा हात,
त्यावर शिरोड्याचं जाडं मीठ भुरभुरलं,
वरून काळपट हिरवा.
मग अंगठ्याने मीठ खरवडलं.
जिथे खडा होता तिथे तिथे
जुन्या लढाया उघड्या पडल्या.
दिवसभर ज्याच्यापासून नटबोल्ट वाचवतो
त्याच मिठाला रात्रीची मजुरी.

विश्राम मेतर तांडेल येऊन बघून गेले.
बोट बघतात तसंच, आधी खालून.
बुटात बॅटरी मारली.
"पाणी खंयसून जातला?"
म्हटलं, काका, हा अंतराळातला. तिथे पाणी नसतं.
"पाणी खंय नाय?" म्हणाले, "भोक ठेव."
मुळात भोक नाही, मी म्हटलं.
ते विडी पेटवायला शेडबाहेर गेले,
रेझिनच्या डब्यांना मान देऊन.

मग अंगावर चढवायची वेळ आली.
मूळ पहारेकरी सव्वासहा फूट. मी पाच-चार.
छातीचं कवच मांड्यांवर टेकलं,
शिरस्त्राणातून मला दिसलं
फक्त शिरस्त्राण.
कापलं असतं तर मला झालं असतं,
पण मग तो तो राहिला नसता.
रात्रभर करवत मांडीवर घेऊन बसलो.
सकाळी तिला खिळ्यावर टांगली.

बर्फाच्या कारखान्यातली शेवंती खवणेकर
सहा फुटांच्या वर आहे.
गावातल्या एकूण एक चौकटींनी
तिच्या कपाळाला वाकायला शिकवलंय.
विचारलं, तर म्हणाली, "कितको वेळ लागात?"

लाद्या उचलणारे खांदे.
पट्टे एकेक करून खटकन बसले.
ती जेटीच्या टोकापर्यंत चालत गेली, भरतीच्या वेळी,
आणि पहिल्यांदाच कशाला न वाकता.
कुत्री भुंकली, मग भुंकायची थांबली.
जाळी शिवणाऱ्यांपैकी कुणी हसलं नाही.
टोकाला पोचून तिने मान वळवली,
डावीकडे, सिनेमात वळते तेवढीच.
तिने सिनेमा पाहिलेला नाही.
अकरा फटींतून संध्याकाळ आत गेली.
दोन वर्षांत पहिल्यांदा
मला तो थांबवता आला नाही.

लाट आली. मोठी नव्हती.
परतताना प्रत्येक पावलाला डबाक, डबाक.
"पायात अख्खो दर्या भरलो," आतून आवाज आला,
"आणि ह्येका खिसो खंय आसा? माझो फोन वाजता."

रात्री ती चार मिनिटं पुन्हा बघितली,
एकेक चित्र सुटं करून.
तो चालतो, उभा राहतो,
दाराशी गुडघा टेकतो, धुरात जातो.
बुटाची टाच खालून एकदाही दिसत नाही.

ड्रिलला आठचा बिट लावला.
दोन्ही टाचांना एकेक.
विश्रामकाकांना सांगितलेलं नाही.
येतील तेव्हा आधी
खालूनच बघतील.