तेरा पौंड

सोळाच्या खाली येणार नाही,
तीन वर्षं हेच ऐकवत होती स्टाशा गाव्रोन.
काल दुकानात आली
आणि काउंटरवर डावा हात ठेवला नुसता,
दुरुस्तीला टाकल्यासारखा.

मी काही विचारलं नाही.
कॅलिपर काढलं. बोटं पसर म्हटलं, पसरली तिनं
जेवढी पसरली तेवढी.
अंगठ्याच्या मुळाशी सुपारीएवढी गाठ.
जुन्या कार्डावर माझ्याच अक्षरातला आकडा,
तो हात आता कुणाचाच नव्हता.
बत्तीस हिवाळे या हातानं स्टिअरिंग धरलं,
उजव्यानं नांगराचं पातं खालीवर,
पहाटे तीनला लॅकवानाचा बर्फ
एका कडेनं दुसऱ्या कडेला.
नवा आकडा मी पेन्सिलीनं लिहिला.
तिनं पाहिलं.

ड्रिल लावलं की जांभळा भुगा उडतो,
द्राक्षाच्या गोळीचा वास सुटतो दुकानभर.
हल्ली कंपन्या वास घालतात चेंडूत.
"मला बॉल हवाय, सरबत नाही," ती म्हणाली
आणि तेरा पौंड उचलून पाहिले
जणू कुणी मापात मारलं होतं तिला.

आज मंगळवार, दुपारचे अडीच.
सगळ्या लेन रिकाम्या. तेलाचं मशीन आत्ताच फिरून गेलंय.
तेल दिसत नाही.
गुडघ्यावर बसून, दिव्याकडे तिरपं बघितलं तर
एक ओलसर शंका, तेवढीच.
साठ फुटांतले चाळीस फूट, मधे दाट, कडेला विरळ,
मग कोरडं लाकूड.
डावखुऱ्यांच्या बाजूला फारसं कुणी फिरकत नाही,
तिथलं तेल रात्रीपर्यंत कोवळं असतं.

पहिला चेंडू.
अंगठा आत राहिला क्षणभर,
चेंडू हवेत, मग धप्प,
मग सरळ गटरमध्ये.
माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.
मी सँडपेपर गुंडाळला, आतून फिरवला.
"किती?"
"केसभर."
"केस कुणाचा?"

दुसरा सुटला छान,
पण मनगटाला तिनं तोच जुना पीळ दिला,
सोळा पौंडांचा.
चेंडू गरगरत राहिला जागच्या जागी,
घसरत मात्र गेला सरळ,
पकडायला काही मिळालंच नाही त्याला
पिनांच्या दारापर्यंत.
तीन पडल्या. त्याही लाजेकाजेस्तव.

ती रेषेवर उभी राहिली बराच वेळ.
फ्रिजची घरघर ऐकू येत होती बारच्या मागून.
"काळा बर्फ आहे हा," ती म्हणाली.
मी म्हटलं, तेल आहे, स्टाशा.
"तू चालवलायस कधी बारा टनांचा ट्रक काळ्या बर्फावर?
तिथं चाक फिरवायचं नसतं.
गप्प बसायचं.
रस्ता हाताला लागेपर्यंत."

तिसऱ्या वेळी काहीच केलं नाही तिनं.
म्हणजे चार पावलं टाकली, हात मागं गेला, पुढं आला,
आणि अंगठा निघाला
जसा आपल्याच घरातून बाहेर पडतो माणूस,
दाराकडे न बघता.
चेंडू गेला दुसऱ्या बाणावरून बाहेर बाहेर,
वीस फूट, तीस, आता गेला गटरात असं वाटेस्तोवर,
आणि तेल संपलं तिथं
वळला.
शिकवणीचं नव्हे ते वळण.
हाक आल्यावर मान वळते, तसं.

नऊ पडल्या.
कोपऱ्यात सात नंबरची डुलली,
विचार केला,
उभी राहिली.
"प्शाक्रेफ!" स्टाशा ओरडली, आजोळची शिवी,
तीन वर्षांत या छताखाली ऐकली नव्हती मी.

चेंडू परत आला तेव्हा अंगावर तेलाच्या कड्या,
एकीला लागून एक, जराजरा सरकलेल्या.
तिनं त्या बोटानं मोजल्या, मग टॉवेलनं पुसल्या,
सावकाश, जसं नातवाचं तोंड पुसतात
त्याला न विचारता.

"आणि सोळावाला?" मी विचारलं. "द्यायचा असेल तर
एक पोरगा आहे, नवा, हात मोठा आहे त्याचा."
ती आधीच चालत होती रेषेकडे.
"पिकअपमध्ये आहे तो. वाळूच्या पोत्यांमध्ये.
मागच्या चाकांवर वजन लागतं
नोव्हेंबरपासून."