रसवंतीचं चाक

फाळका उघडला की आधी तेच दिसतं:
पिकअपच्या शेपटीशी आडवा लोखंडी रूळ
आणि रुळाच्या टोकाला रसवंतीचं चाक,
हिरव्या रंगाखाली लाल, लालाखाली आणखी काही.
इकराम मिस्त्रीनं ते गड्डीगोदामच्या कबाड्याकडून
किलोच्या भावानं उचललं.
पट्टा उमरेडच्या खाणीतला,
कन्व्हेयरचा, भंगारात निघालेला,
सोलून सोलून अर्ध्या जाडीचा केलेला.

तो आधी हौद्यात अंथरायचा.
वर कन्हानची वाळू, टन, सव्वा टन.
जागेवर पोचलं की चाक फिरवायचं:
पट्टा रुळावर गुंडाळत येतो
आणि वाळू, जी जन्मात कुणाचं ऐकत नाही,
फाळक्यापाशी येऊन मुकाट खाली उतरते.

एका वेढ्याला चार बोटं.
त्याहून जास्त मागायचं नाही.
दात्यांवर एक खिटी पडत जाते, टक, टक.
तिला कुत्रा म्हणतात.
आलेलं मागे जाऊ देत नाही.
चाक सोडून चहाला जा,
टनभर वाळू तो दातात धरून बसतो.

डोमाकाका पहिल्या दिवशी जवळ आलाच नाही.
बेसा, मे महिना, बाभळीची तुटपुंजी सावली,
हातात फावडं.
एकतीस वर्षं त्यानं गाड्या रिकाम्या केल्या:
मुरूम, खडी, शेणखत,
एकदा पावसात भिजलेलं मीठ, ज्यानं तळहात आठवडाभर चरचरले.
पट्टा त्याच्याकडेही आहे, कमरेचा, मेडिकलमधून आणलेला.
दोन मणके एकावर एक बसलेत,
फोटो त्यानं पासबुकात जपून ठेवलाय.

"चाकानं वाळू उतरते काय बे?
वाळू उतरते कमरेतून."

अकरा मिनिटं लागली मला.
कोपऱ्यांत दोन घमेली उरली.
तेव्हा तो चढला, फावड्यानं ती ओढली,
गरजेपेक्षा जरा सावकाशच,
आणि म्हणाला, "पाहिलं? माह्याशिवाय होत नाही."

दुसऱ्या आठवड्यात मी पाणी आणायला गेलो होतो.
परत येताना ऐकू आलं, टक, टक, टक.
डाव्या हातानं फिरवत होता,
उजवा खिशात, जणू सहज.
मला पाहून त्यानं चाक सोडलं.
कुत्र्यानं सोडलं नाही.

त्या संध्याकाळी तो मोमिनपुऱ्यात गेला, मीही मागे.
इकराम एका गेटच्या बिजागरीला टाके मारत होता.
काका ठिणग्या विझेस्तोवर थांबला.
"चाक आहे, पट्टा आहे, कुत्रा आहे.
यात नवं काय आहे?
मंग तीस वर्षांआधी काहून नाही बनवलं?"

इकरामनं काच वर केली.
"चाक तवा कामावर होतं," म्हणाला,
"तूच रस पेला असशील त्याचा."

काका हसला, कमरेला हात लावून,
हसलं की तिथंच दुखतं.
प्रश्न मात्र राहिला तसाच,
तापल्या लोखंडाच्या वासात,
कुणी हात लावला नाही.

मजुरी तीच ठेवली मी त्याची.
कमी करायचं मनात आलं होतं.
आलं होतं, हेही लिहून ठेवतो.

पोळ्यानंतर त्यानं चाकाला घुंगरू बांधला,
भावाच्या बैलाचा, बैल विकल्यावर उरलेला.
"रसवंती म्हटली की आवाज पाह्यजे."
तीन दिवस आम्ही वाजत वाजत वाळू उतरवली,
पोरं उसाचा रस समजून धावत यायची
आणि वाळू पाहून तोंड वाकडं करायची.

चौथ्या दिवशी, हुडकेश्वरला, तो गळून पडला.
काकानं ढिगात कोपरापर्यंत हात घालून शोधला.
मिक्सर सुरू होता, स्लॅब त्याच दिवशी पडायचा होता,
ठेकेदार घड्याळ दाखवत होता.

आता तिथं दोन मजले आहेत, गच्चीवर कपडे वाळतात.
त्या गल्लीतून गाडी जाते तेव्हा
काका खिडकीतून मान बाहेर काढतो,
वर बघतो,
"काही वाजते काय रे?" विचारतो.
मी गिअर बदलतो.