खिडकीतला डबा

औंढ्याच्या शाळेत, चौथीच्या खिडकीत
बिस्किटांचा रिकामा डबा ठेवला.
‘ज्याला जमंल त्यानं टाकावं,
ज्याला लागंल त्यानं न्यावं,
अन् कुणी कुणाकडं बघू नये.’

फळ्यावरचा ‘दान’ हा शब्द
मीच दुपारी पुसला.
खडू वाया गेल्यासारखा वाटला.

आठवडाभर डब्यात
खोडरबर, दोन चिंचोके, रुपया,
कुणाच्या आईनं बांधलेली
भाजक्या शेंगांची पुडी.

शुक्रवारी अर्धी पेन्सिल.
मधोमध मोडलेली, बुडाला दातांचे वण.
हे दात ओळखीचे:
सोमवारी इथूनच कोरी पेन्सिल नेणारा
शिवकांत घुगे.

मी बघितलं नाही.
तसं ठरलंच होतं.

संध्याकाळी त्याची वही तपासली.
उरलेल्या अर्ध्यानं लिहिलेला
सतराचा पाढा, पाचाशी चुकलेला.
लाल खूण केली,
नेहमीएवढीच.