किती चालवली?

निखारे मिस्त्रींनी बॉनेट उघडलंच नाही.
हात ठेवला, चटकन काढला, म्हणाले,
'ऊन लागलं हिले, बाई. निजू द्या.'
आणि डबा खायला बसले.
गड्डीगोदामच्या त्या टिनाखाली दुपारचे छेचाळीस अंश,
नवतपा तर अजून लागायचाच होता.
कूलरमधून ओल्या वाळ्याचा वास येई
आणि त्यातच जळक्या रबराचा.

चटणी पुसता पुसता विचारलं त्यांनी:
'काटा लाल झाल्यावर किती चालवली?'
'लगेच बंद केली,' मी म्हणाले.
'बरं.'
बासष्ट सालची फियाट काही बोलली नाही.

चार वाजता रेडिएटरचं झाकण,
ओल्या पोत्याखाली पाव वळसा,
थांबून, उरलेला.
वाफ नाही. पाणीही नाही.
तळाशी लालसर गाळ, उन्हाळी विहिरीतला वाटावा असा.
ऑइलची पट्टी उपसून दोन बोटांत चोळली,
माझ्यासमोर धरली:
टोकाला सायीचा पातळ थर,
टपरीवरच्या चहाचा रंग.
'पाणी उतरलं खाली. थोडंच हाय.'
मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिले.
ते मागच्या वर्षाचं होतं.

फडक्यावर चार प्लग.
पहिला, दुसरा, चौथा काजळी धरलेले,
तिसरा राखुंडीनं घासल्यासारखा लख्ख.
मला वाटलं, चला, एक तरी चांगला निघाला.
'हाच तो,' मिस्त्री म्हणाले, 'वाफेनं धुतला.
इथं जो स्वच्छ दिसते ना बाई,
त्यालेच आधी विचारा लागते.'

दुसऱ्या दिवशी हेड उतरवलं.
नट मधून बाहेर नाही, कडेकडून आत,
प्रत्येकाला थोडं थोडं सैल करत;
एकदम सोडलं तर सरळ उरलेलंही वाकतं.
जुन्या पेपरावर उलटं ठेवून
चिकटलेलं गॅस्केट खरवडलं,
कर्णात पोलादी पट्टी धरली
आणि पोऱ्याला पलीकडून बॅटरी लावायला सांगितली.
पट्टीखालून उजेड आला.
एवढासा. फीलरचं पंधरा शतांशाचं पान
न अडता आत गेलं.
दोन केसांइतकं.
'लगेच बंद केली असती,' ते हेडलाच म्हणाले,
'तर एवढी वाकली नसती.'

डोंगरगावलाच लाल झाला होता काटा.
चिंचभवनपर्यंत मी चालवली.
शेजारी उमाकांत. मावशीचं तेरावं करून आम्ही परतत होतो.
नऊ वर्षं तो मला 'हो' आणि 'ठीक' एवढंच बोलला होता,
आणि बुटीबोरीच्या पुढे आपणहून म्हणाला,
ते मानेवाड्याच्या प्लॉटचं,
तेव्हा तू मला एकदा विचारायला हवं होतंस.
खिडकीतून भट्टीचा वारा. डावा गुडघा पोळत होता.
मला काटा दिसत होता.
पण मी थांबले असते तर तो उतरला असता,
लिंबाखाली जाऊन उभा राहिला असता पाठ करून,
खिशातून फोन काढला असता.
म्हणून तिसऱ्यात टाकून
मी हळूहळू चालवत राहिले.
तो बोलत राहिला.

आता भेग.
व्हॉल्व्हच्या मधल्या चिंचोळ्या जागी रॉकेल लावलं,
पुसलं, वर खडूची भुकटी.
भेग असेल तर रॉकेल पाझरून
पांढऱ्यात काळी रेघ उमटते म्हणे.
मिस्त्री, पोऱ्या आणि मी,
तिघंही वाकून त्या पांढऱ्याकडे बघत बसलो.
बाहेर कोणीतरी बर्फाची लादी फोडत होतं.
रेघ आली नाही.
'मशीनवर घासून आणू. गॅस्केट नवं.
ऑइल दोनदा बदलाचं, पहिलं नुसतं धुवासाठी.
शनिवारी या.'

'आठ-नऊ किलोमीटर चालवली मी,' मी म्हणाले.

कानामागची पेन्सिल काढत
त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.
'नऊ?
मी तं बारा धरले होते.'
आणि पोऱ्यावर ओरडले,
फियाटखालचा डबा अजून कोणी उचलला नव्हता.