कडेकडेनं

बांबोळीच्या डॉक्टरनं चौकड्यांचा कागद पुढ्यात धरला,
म्हणाला, मधल्या ठिपक्याकडे बघा.
ठिपका होता म्हणे.
मला दिसलं ते
कुणीतरी ओला अंगठा फिरवून पुसल्यासारखं.
"मधलं गेलंय, सगुणबाब. कडा राहतील."

एकतीस वर्षं चोडण ते रायबंदर फेरीबोट हाकली.
पौषातल्या धुक्यात बोटीचं नाकही दिसायचं नाही,
तरी धक्का चुकला नाही.
चिखलाच्या वासावरून कळायचं खारफुटी किती जवळ,
आणि पलीकडे पदेराचा भोंपू वाजला
की इंजिन हळू करायचं.
पण ते धुकं नऊला उठायचं.

आता धक्क्यावर जात नाही.
समोरून येणाऱ्याला सदरा असतो, छत्री असते,
मानेवर राखाडी डाग.
आवाज ओळखेपर्यंत माणूस पुढे गेलेला.
परवा कामील कुणाला तरी सांगत होता,
सगुण मोठा झाला, हाक मारीत नाही.
एका परीनं बरंच वाटलं.
आंधळ्यापेक्षा गर्विष्ठ परवडला.

दुपारी पडवीत बसून भरती-ओहोटीच्या वेळा काढतो,
कुणी न विचारलेल्या.

मग एका जेवणात ध्यानात आलं:
महिनाभर ताटात नुसती सुंगटं, तिसऱ्या,
मोरीचं आंबटतिखट.
काटा कशालाच नाही.
शशिकला काही बोलली नव्हती.
बाजारात बांगड्यांच्या पाटीपुढून
मुकाट पाय उचलत असेल रोज.
घास अडकला, काटा नसताना.
दोन दिवस तिच्याशी बोललो नाही.
तिसऱ्या दिवशी म्हटलं, पेडवे आण.
"त्यांना काटे किती असतात!"
"माहीत आहे."

तासभर लागला.
बोटांनी चाचपत एकेक कणा उपसला,
ताटाच्या कडेला ढीग लावला.
एक काटा घशाशी गेलाच,
भाताच्या गोळ्यानं खाली ढकलला,
तिला कळू दिलं नाही.
तिला कळलं.

ती समोर बसलेली.
सरळ बघितलं की ती नसते,
नुसती साडी आणि वरती धूर.
म्हणून मी तिच्या कानापलीकडच्या खिडकीकडे बघतो,
गजाकडे, गजावर वाळणाऱ्या टॉवेलाकडे,
तेव्हा कुठं ती येते कडेकडेनं:
कानातली कुडी, गाल,
खालच्या ओठावरचा तीळ.

"खंय पळयतात?"
तुझ्याकडेच, मी टॉवेलाला सांगतो.
आणखी एक पेडवा वाढ.