निर्जळी

ड्युलुथहून निघालो तेव्हा उणे अकरा.
शेजारच्या आर्विडने गाडीच्या सगळ्या नळ्यांत
गुलाबी अँटीफ्रीझ भरून दिलं आणि बजावलं,
रात्री गोठायच्या थांबेपर्यंत
नळ उघडायचा नाही. एकही.
शालनवन्सं म्हणाल्या, म्हणजे निर्जळी.

गाडी माझ्या नवऱ्याची. म्हणजे त्याने घेतली,
आणि सात हिवाळे ड्राइव्हवेत ताडपत्रीखाली
ती त्याच्याआधीच निवृत्त होऊन बसली.
कप्प्यात त्याची वही:
पहिल्या पानावर तारीख, मैल, टायरमधली हवा.
पुढची पानं कोरी.
त्यांवर आता आम्ही हिशेब मांडतो,
गॅसचा, टोलचा, आणि वळण चुकलं ते कुणामुळे याचा.

नणंद-भावजयीचं काय पटायचं.
एक्क्याऐंशी साली वन्संनी माझ्या आमटीला
'पाणी' म्हटलं होतं,
ते मी अजून गिळलेलं नाही.
पण गाडी त्याच चालवतात, मला रात्रीचं दिसत नाही.
मी नकाशा धरते, आणि मुठीत जीव.

रस्ता एकच, पस्तीस नंबर, वरपासून खालपर्यंत.
आयोवात वारा असा
की तीस फुटांचं घर आडवं सरकतं.
वन्सं स्टिअरिंग धरतात ते जात्याचा खुंटा धरावा तसं.
शेजारून ट्रक जातो, चिखल-बर्फाचं पातेलं
काचेवर उपडं होतं,
आणि तीन सेकंद आम्ही कुठेच नसतो.

एम्पोरियाला, कॅन्ससमध्ये, बर्फ नाही, काच पडली.
पाऊसच, पण टेकेल तिथे काच:
तारांवर, गवतावर, ट्रकांच्या आरशांवर.
वॉलमार्टच्या आवारात आमच्यासारख्या अकरा गाड्या,
सगळ्यांची नाकं दक्षिणेकडे.
बाटलीतल्या पाण्याने दात घासले.
ताटं कागदाने पुसली.
संडासात पेलाभर तेच गुलाबी.
हीटर मध्येच धाप टाकायचा.

दुसऱ्या पलंगावर त्याची खोकी होती,
ती हलवू या असं दोघीही म्हणालो नाही.
एकाच पलंगावर दोन रजया, मध्ये वीतभर अंतर.
अंधारात वन्सं म्हणाल्या,
दिगू लहानपणी झोपेत लाथा मारायचा.
मी म्हटलं, मोठेपणीही.
मग बराच वेळ छतावर काच पडत राहिली
आणि आम्ही आपापल्या पोटरीवर
त्या एकाच लाथेची जागा चाचपत पडलो.

सकाळी दार उघडेना.
दोघींनी मिळून खांदा लावला. एक, दोन,
तीन केव्हा म्हणायचं ते अर्थात त्यांनीच ठरवलं.

ओक्लाहोमात लाल माती दिसली, बर्फ
फक्त सावल्यांत उरला.
माझा मफलर तिथे उतरला. वन्संचे बूट डेन्टनला.
त्यांच्या घोट्याला तसाच तीळ आहे.
चव्वेचाळीस वर्षांत मी त्यांचे पाय पाहिले नव्हते,
दरवर्षी वाकून नमस्कार करत होते तरी.

न्यू ब्राउनफेल्सला रात्री पारा
चाळिसाखाली गेला नाही.
पहाटे वन्सं म्हणाल्या, उघड.
नळाने आधी खाकरून घेतलं, दोन उचक्या दिल्या,
मग गुलाबी. मग फिकं, आणखी फिकं,
कोकमाच्या शेवटच्या पाण्यासारखं,
मग ज्याला रंग नाही ते.

सिंकखाली टपटप झालं.
एक सांधा तडकला होता,
कुठल्या रात्री, कुठल्या गावाला, कोण सांगणार.
वन्संनी गुडघ्यावर हात ठेवून वाकून पाहिलं,
खाली पातेलं सरकवलं,
आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या,
आज आमटी कर.
पाणी आहे.