मागचं डावं दार

सकाळी पहिल्या फटक्यात ती उठत नाही.
चावी अर्ध्यावर थांबवायची,
टाकीतल्या पंपाची बारीक घरघर ऐकायची,
एक, दोन, अडीच,
मग पुढे.
मुळ्येकाकांनी गाडी विकताना एवढंच शिकवलं,
गावाला जाताना कुणी कुत्रा सोपवावा तसं.

दोन हजार एकची मॅटिझ.
रंग कागदावर सोनेरी,
आता करपलेल्या रव्याचा.
बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली,
जिचं सामान हिला बसायचं
ती दुसरीही देश सोडून गेली,
आणि ही रोज सुदामानगरहून
पोलोग्राउंडला, वीज कंपनीत,
माझा डबा, माझी छत्री आणि मला घेऊन जाते.

काटा अर्ध्यावर म्हणजे पेट्रोल पाव.
पावावर आला की तो खरं बोलतो.
त्याच्या खाली मी बोलत नाही, तोही नाही.

निळ्या वहीत सगळं लिहिलेलं आहे:
टायमिंग बेल्ट. रेडिएटरचा पाइप.
हॉर्न. परत हॉर्न.
भावानं एकदा बेरीज केली
आणि नव्या गाडीचे हप्ते शेजारी मांडले.
त्याची बेरीज बरोबर होती.
रविवारी मी प्लग काढून घासत बसले,
प्रजापत मिस्तरी म्हणाला,
मॅडम, आधा काम तो आप ही कर लेती हो,
आणि बिलात एक पैसाही कमी केला नाही.

गोपूर चौकात आईनं दार ओढलं
तर हँडल तिच्या हातात आलं.
ती ते धरून उभी राहिली,
दुकानातली बरणी फुटल्यासारखी.
त्यानंतर तीन महिने
ती उजवीकडून चढायची,
निऱ्या आवरून, दुखरा गुडघा उचलून
सरकत सरकत डावीकडे.
खिडकी तिला डावीच लागते.
बोलली काहीच नाही. तेच जड होतं.

सियागंजात मुफद्दलभाईंनी
चार खण उपसले.
बहन, मॅटिझ का नाम सुने जमाना हुआ.
उजवं निघालं, प्लास्टिकच्या पिशवीत, कोरं.
डावं नाही.
उजवी हँडलं कुणाची तुटतच नाहीत काय?
ते हसले, चहा पाजला,
देवास नाक्यामागचा एक पत्ता
पावतीच्या पाठीवर लिहून दिला.

तिथे ती होती.
तोच करपलेला रवा.
एमपी तेरा, म्हणजे उज्जैनची.
चाकं नाहीत, बॉनेट नाही,
सावलीत एक बकरी पाय दुमडून.
मागच्या काचेवर, आतून, धुळीत,
बोटानं काढलेलं एक तोंड,
हसायचं की रडायचं ते अर्धवट राहिलेलं.

पर्समधला दहाचा पाना काढला.
दाराचं आतलं कव्हर सोलून दोन नट सोडवले,
नखात काळं गेलं.
सौ रुपये, भंगारवाला म्हणाला,
मीटर भी खोल लो, किसी काम का नहीं.
वाकून बघितलं.
काटा अर्ध्यावर थांबलेला.
म्हणजे पाव, मनात आलं,
आणि मीटर तिथेच राहू दिलं.

घरी फाटकापाशी बसवलं.
प्रजापतला बोलावलं नाही.
हँडलच्या आतल्या बाजूला
बारीक ओरखडे, एकाच जागी,
वर्षानुवर्षांचे.
कुणाच्या तरी अंगठीचे, मी म्हटलं.

आईनं दार उघडलं, लावलं,
पुन्हा उघडलं.
अंगठा त्या ओरखड्यांवरून फिरवला.
अंगठी नव्हे गं, बांगडी, ती म्हणाली,
आणि डाव्या खिडकीशी जाऊन बसली.

हॉर्न अजून वाजत नाही.